मंजुरी आधी, खर्च मग

सदर बाजार, लखनऊ छावनी

चि. सोनू,



तू व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं दातांच्या दवाखान्याचं बिल मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून आणलं. मोबाइलच्या पडद्यावर मला अक्षरं दिसतात, बेरीज दिसत नाही. माझी सगळी नोकरी इथे करिअप्पा रोडवर, संरक्षण लेखा विभागाच्या मध्य कमांडच्या कार्यालयात, दुसऱ्यांची बिलं तपासण्यात गेली. स्थानिक खरेदीच्या बटाट्यांपासून प्रवासभत्त्यापर्यंत सगळं या हातांखालून गेलं. त्यामुळे कुणीही बिल पुढे केलं की मी आधी शेवटचा आकडा अंगठ्याने झाकते आणि वरून वाचत येते. तू उलटं केलंस. आधी १९,११६ हा आकडा पाहिलास, घाबरलीस, मग चिडलीस, आणि मधल्या ओळी वाचायच्या राहूनच गेल्या.

दोन सल्ले तुला आधीच मिळालेत. तुझे बाबा म्हणतात, भरून टाक, उरलेल्या चौदा हजारांसाठी कोण डोकं पिकवणार! तुझी ऑफिसातली मैत्रीण म्हणते, एक पैसा देऊ नकोस, वर गूगलवर एक तारा ठोकून दे. बाबांचं ऐकलंस तर पैसे जातील, मैत्रिणीचं ऐकलंस तर बाजू जाईल. जे काम झालं आणि जे तू कबूल केलं होतंस त्याचेही पैसे अडवून धरलेस, तर उद्या कुठल्याही पंचासमोर पहिला प्रश्न तुलाच विचारतील. आणि तो तारा तर सध्या विसरच. पैशाचा वाद चालू असताना बदनामीची भीती घातली की समोरचा हिशोब सोडून अब्रूवर येतो. मग हिशोब होत नाही.

दवाखान्याचं नाव मी या पत्रात लिहीत नाही. पत्र उद्या कुणाच्याही हाती पडेल, आणि त्यांची बाजू अजून आपण ऐकलेली नाही.

आमच्या खात्यात नवीन माणसाला पहिली गोष्ट शिकवतात ती ही: मंजुरी आधी, खर्च मग. खर्च चांगला होता की वाईट, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारतात, याला मंजुरी कुणी दिली, कधी दिली आणि कागद कुठे आहे. एखाद्या युनिटने स्वस्त, टिकाऊ, देखण्या खुर्च्या घेतल्या असतील. मंजुरीची तारीख खरेदीच्या नंतरची असली की बिल परत जातं. तुझ्या तोंडात काय करायचं याला मंजुरी देणारी अधिकारी तू आहेस. डॉक्टर नाहीत, तुझे बाबा नाहीत, तुझ्यासोबत येऊन बाहेर बाकावर बसलेली मीही नाही.

आता ओळी वाचू.

पहिली ओळ रूट कॅनल, दात क्रमांक ४६, रुपये ४,५००. हा आकडा तुला खुर्चीत बसण्याआधी सांगितला होता, तू हो म्हणालीस, काम झालं. इथे वाद नाही. पण तो ४६ काय आहे ते समजून घे. दातांचे डॉक्टर तोंडाचे चार भाग करतात. वरचा उजवा एक, वरचा डावा दोन, खालचा डावा तीन, खालचा उजवा चार. मग समोरच्या मधल्या रेषेपासून मागे मोजत जातात. म्हणजे ४६ हा खाली उजवीकडचा सहावा दात, पहिली मोठी दाढ. आरशासमोर उभी राहून मोज. बिलातली दाढ आणि अमीनाबादची कुल्फी खाताना ठणकली ती दाढ एकच आहे ना, हा पहिला तपास. बहुतेक लोक तो करतच नाहीत, कारण त्या दोन आकड्यांना अर्थ असतो हेच ठाऊक नसतं.

दुसरी ओळ, तीन एक्स-रे, ९०० रुपये. मुळांची लांबी ठरवायला आणि आतलं भरण टोकापर्यंत पोचलं का ते पाहायला रूट कॅनलमध्ये एक्स-रे लागतातच. काही दवाखाने ते मूळ रकमेत धरतात, काही वेगळे लावतात. तुला आधी सांगितलं नव्हतं हे खरं, पण यावर भांडू नये असं माझं मत. पैसे दे आणि तिन्ही एक्स-रे मागून घे. पुढे तेच तुझ्या कामाचे आहेत.

तिसरी ओळ ‘कोअर बिल्ड-अप’, २,५००. नाव भारी आहे, काम साधं आहे. कीड खरवडून काढली, आतली नस काढली, की दाढेत पोकळी उरते. वर कॅप बसवायची तर तिला धरायला काही हवं, म्हणून ती पोकळी पक्क्या मसाल्याने भरून दाढेला पुन्हा आकार देतात. काम खरं आहे आणि पुष्कळदा गरजेचंही. पण दाढ किती पोखरली आहे हे पहिल्याच एक्स-रेवरून बरंचसं कळतं. ४,५०० सांगताना हे २,५०० डॉक्टरांच्या मनात होते, तर तोंडात का आले नाहीत? तरी इथे मी अर्धीच तुझ्या बाजूला आहे. शेवटचा एक्स-रे दाखवा, त्यात हे भरण दिसलं तर पैसे देते, असं लिही.

चौथी ओळ, दात क्रमांक ४७, फिलिंग, १,८००. इथे जरा बसू, म्हणून आधी बाकीच्या ओळी संपवते.

झिरकोनिया कॅपचा अॅडव्हान्स, ६,०००. तुझी पुण्याची परतीची गाडी होती, दाढ घासून माप घ्यायचं राहूनच गेलं. माप नाही म्हणजे लॅबला काही गेलं नाही, आणि कॅप तर लॅबवालाच बनवतो. झिरकोनिया हवं की धातूवर सिरॅमिक, हेही तुला कुणी विचारलं नव्हतं. ही ओळ पूर्ण काट. ‘निर्जंतुकीकरण शुल्क’ ५००: अवजारं निर्जंतुक नसतील तर ती तोंडात घालायचीच नसतात, त्यामुळे हा दवाखाना चालवण्याचा खर्च झाला. आधी सांगून घेतला असता तर एक वेळ समजलं असतं. तोही काट. आणि शेवटी १८ टक्के जीएसटी, २,९१६. हे वाचून मला माझे जुने दिवस आठवले. दवाखान्यातल्या निदानाला आणि उपचाराला २०१७ पासून, म्हणजे जीएसटी आला तेव्हापासूनच, या करातून सूट आहे. निव्वळ रूप खुलवण्यासाठी केलेल्या कामाची गोष्ट वेगळी. किडलेल्या दाढेचं रूट कॅनल त्यात कुठून बसणार? कर लावायचाच असेल तर कुठल्या नोंदणी क्रमांकाखाली लावला ते बिलावर हवं. तुझ्या बिलावर तो क्रमांकच नाही. ही चूक संगणकातल्या एखाद्या खुणेची असू शकते, लबाडी असेलच असं नाही. पण २,९१६ रुपये तुझे आहेत.

आता बेरीज. निर्विवाद ५,४००. अटीवर २,५००. त्या दिवशी तू ५,००० दिले होतेस. म्हणजे १४,११६ ची मागणी आली असली तरी आज ४०० रुपये देणं निघतं, आणि एक्स-रे दाखवला तर आणखी २,५००. ते ४०० आजच पाठव, आणि पाठवताना ‘रूट कॅनल व एक्स-रेपोटी’ असं लिही. नुसते पाठवलेस तर ते ‘एकूण बिलापोटी’ जमा होतील, आणि मग तू सगळं बिल कबूल केलंस असं म्हणायला जागा राहील.

आता दात क्रमांक ४७.

तू फोनवर सांगितलंस तसं लिहिते. जबडा बधिर, तोंडात कापूस, लाळ ओढणारी नळी, डोळ्यांवर दिवा. डॉक्टर म्हणाले, ‘बगल वाले में भी थोड़ी सड़न है, साथ में कर देते हैं.’ तू ‘अं’ म्हणालीस. दवाखान्याच्या दृष्टीने तो होकार. तुला आता प्रश्न पडला आहे की मी खरंच हो म्हणाले का.

यावर आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे, आणि त्याची गोष्ट तुझ्या दाढेपेक्षा फार गंभीर आहे. १९९५ च्या मे महिन्यात दिल्लीत समीरा कोहली नावाच्या ४४ वर्षांच्या अविवाहित बाई एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेल्या. पाळीचा रक्तस्राव थांबत नव्हता. दुर्बिणीतून तपासणी करू, गरज पडली तर पोट उघडावं लागेल, अशा कागदावर त्यांनी सही केली. त्यांना पूर्ण भूल दिली. त्या बेशुद्ध असताना आतून सहायक डॉक्टर बाहेर आल्या आणि बाईंच्या म्हाताऱ्या आईकडून गर्भाशय काढण्याच्या कागदावर सही घेतली. बाई शुद्धीवर आल्या तेव्हा गर्भाशय आणि बीजांडकोश दोन्ही काढलेले होते. बिल न भरताच त्या दवाखान्यातून बाहेर पडल्या. जूनमध्ये डॉक्टरांनी वकिलामार्फत ३९,३२५ रुपयांची मागणी केली. बाईंनी उत्तर दिलं, त्यावर प्रत्युत्तर आलं, आणि प्रकरण राष्ट्रीय ग्राहक आयोगात गेलं. तिथे २००३ मध्ये बाई हरल्या. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाल फिरवला.

त्या निकालात मला महत्त्वाचं वाटतं ते असं. शस्त्रक्रिया वाईट झाली असं न्यायालय म्हणालं नाही. डॉक्टरांनी ती काळजीने, रोग्याच्या भल्याच्या समजुतीनेच केली, हे मान्य केलं. तरीही म्हटलं की तपासणीसाठी दिलेली संमती उपचाराला चालत नाही, एका उपचाराला दिलेली दुसऱ्याला चालत नाही. दुसरं काम रोग्याच्या फायद्याचं होतं, पुन्हा भूल देण्याचा त्रास आणि खर्च वाचत होता, हीही सबब चालत नाही. जीव वाचवण्यासाठी तत्काळ करावंच लागलं असतं तर गोष्ट वेगळी. रोगी सज्ञान आणि एरवी समर्थ असताना ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होतं, मग आईला का विचारलं? आणि निकाल काय दिला, तर २५,००० रुपये भरपाई आणि शस्त्रक्रियेची संपूर्ण फी नामंजूर. काम नीट झालेलं असूनही मंजुरी नव्हती, म्हणून बिल परत. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हे न्यायमूर्ती आमच्या कार्यालयात बसले असते तर शोभले असते.

खरी संमती म्हणजे काय, तेही त्या निकालात स्पष्ट आहे. काय करणार, कशासाठी, दुसरा मार्ग कोणता, धोका काय, आणि नाही केलं तर काय होईल, इतकं रोग्याला कळलं पाहिजे. मग तो हो म्हणाला तर ते हो. आता हे सगळं तुझ्या ‘अं’शी ताडून बघ. शेजारच्या दाढेला थोडी कीड होती, असेल. त्या दिवशी भरली नसती तर जीव जाणार नव्हता. कापूस काढून, तुला उठवून बसवून, ‘हिचे अठराशे होतील, आज करू की पुण्यात करशील?’ एवढं विचारायला अर्धा मिनिट पुरला असता. तेवढं झालेलं नाही, म्हणून ही ओळ तू देणं लागत नाहीस असं माझं स्पष्ट मत आहे.

पण तू शिकलेली मुलगी आहेस, म्हणून दुसरी बाजूही सांगते. तुला पैशाचा आकडा ठाऊक नव्हता, पण काय करतायत ते कळलं होतं आणि तू मनात ‘बरं झालं, एकदाच होऊन जाईल’ म्हणाली होतीस, असं असेल, तर ते तुझं तुला ठाऊक. तसं असेल तर या १,८०० वर अर्धं-अर्धं म्हणून मिटवून टाक. न्यायालयात सिद्ध करता येणं वेगळं आणि आपल्याला खरं ठाऊक असणं वेगळं.

काल मी त्या दवाखान्यात जाऊन आले. तुझा केस पेपर आणि एक्स-रे मागितले. काउंटरवरच्या मुलीने खुर्ची दिली, पाणी दिलं, ‘आंटी जी, चाय लेंगी?’ विचारलं, आणि म्हणाली, ‘वो तो क्लिनिक का रिकॉर्ड है, पेशेंट को नहीं देते.’ या शहरात नकारही आधी पाणी विचारून देतात. राग धरायला जागा राहत नाही. मी चहा घेतला आणि भिंती पाहिल्या. पांढऱ्याशुभ्र दातांची मोठमोठी चित्रं होती, दरपत्रक कुठेच नव्हतं. उत्तर प्रदेशाने केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा स्वीकारलेला आहे, आणि त्याखालच्या २०१२ च्या नियमांत दर दर्शनी जागी, स्थानिक भाषेत आणि इंग्रजीत लावायला सांगितलेत. आपल्या महाराष्ट्राने तो कायदा अजून घेतलेला नाही, तेव्हा इथे हसायचं कारण नाही. या नियमांची अंमलबजावणी व्हावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या संस्थेच्या नावात ‘व्हेटरन्स फोरम’ आहे, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने केंद्राला उपचारांचे प्रमाण दर ठरवण्यावरून चांगलंच सुनावलं. छावनीत राहणाऱ्या मला याचा थोडा अभिमान वाटतो.

कागद मिळत नाहीत हे त्या मुलीचं म्हणणं चुकीचं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच रघुनाथ रहेजा प्रकरणात सांगितलं की रोग्याने मागितल्यावर त्याच्या उपचाराच्या कागदांच्या प्रती द्याव्याच लागतात. पण ते माझ्यासारख्या आत्याने तोंडी मागायचे नसतात, ज्याच्या तोंडातली दाढ त्याने लेखी मागायचे असतात. त्यामुळे मुलीला दोष देत नाही.

म्हणून आता तू पत्र लिही. हिंदीत लिही, साधं लिही, वकिली शब्द नकोत. ईमेलने पाठव आणि स्पीड पोस्टनेही. पहिल्या परिच्छेदात तारीख, कुठल्या दाढेसाठी गेलीस, किती सांगितलं, किती दिले. दुसऱ्यात ओळीवार हिशोब: ही मान्य, ही कागद दाखवल्यावर मान्य, ही अमान्य, आणि प्रत्येक अमान्य ओळीपुढे एका वाक्यात कारण. तिसऱ्यात मागण्या: केस पेपर आणि एक्स-रेंच्या प्रती, दुरुस्त बिल, आणि दिलेल्या पैशांची सही-शिक्क्याची पावती. तुला मिळालेल्या चिठोऱ्यावर ना क्रमांक आहे ना सही. बिल किंवा पावती न देणं हीच मुळी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. उत्तरासाठी पंधरा दिवस दे. ‘लूट’, ‘फसवणूक’, ‘पोलिस’ हे शब्द कटाक्षाने टाळ. ही पोलिसांची गोष्टच नाही.

मधल्या काळात त्यांचा फोन आला तर नम्रपणे ऐक आणि म्हण, लिहून पाठवा. तू अडलीस की ते अर्ध्यावर येतील, सात हजारांवर मिटवू म्हणतील. आकड्यावर आकडा बोलू नकोस, ओळीवर बोल. भाजीबाजारासारखी घासाघीस केलीस की तुझा सगळा तपास वाया गेला.

उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदव. मराठीतही बोलता येतं. बऱ्याच गोष्टी तिथेच मिटतात. त्याही पुढे जावं लागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. इथे तुझ्या फायद्याची एक गोष्ट आहे जी तुझ्या बाबांना ठाऊक नाही. जुन्या १९८६ च्या कायद्यात तुला तक्रार घेऊन लखनऊलाच यावं लागलं असतं. नव्या कायद्यात, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथेही तक्रार करता येते. म्हणजे पुण्यात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, ऑनलाइन दाखल करता येते, सुनावणीही व्हिडिओवर मागता येते. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तारखा कशा पडतात ते कुठल्याही मराठी माणसाला सांगायला नको. मुदत मात्र पक्की, कारण घडल्यापासून दोन वर्षं.

डॉक्टर ग्राहक कायद्यात येतात का, हा वाद १९९५ च्या १३ नोव्हेंबरला संपला. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पैसे घेऊन केलेला उपचार ही सेवा आहे. सगळ्यांनाच फुकट उपचार देणाऱ्या संस्था तेवढ्या वगळल्या. तुझी आजी मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात होती, महिन्याचं सामान आलं की तराजू काढून बसायची आणि आम्ही मुलं हसायचो. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा ‘ग्राहकाला हक्क असतात’ हे वाक्यच लोकांना चमत्कारिक वाटत होतं. ज्या कायद्याच्या जोरावर तू आज पत्र लिहिणार आहेस तो अशा तराजूवाल्या बायकांनी कमावला आहे.

राज्याच्या दंत परिषदेकडेही तक्रार जाते, पण ती वर्तनाची. परिषद समज देईल, नोंदणीवर कारवाई करील, तुझे पैसे परत करणार नाही. मला तरी इथे तेवढं वाईट वर्तन दिसत नाही. ढिलाई दिसते. फी काम सुरू होण्याआधी सांगावी, उपचार चालू असताना किंवा नंतर नव्हे, हे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत लिहिलेलं आहे. दंतवैद्यांची २०१४ ची आहे, वेगळी, पण त्याच वळणाची.

आणि एक लक्षात असू दे. दातांचा दवाखाना चालवणं स्वस्त नाही. ती खुर्ची, एक्स-रेचं यंत्र, दर रोग्यामागे बदलायच्या सुया, लॅबचं बिल, सदरसारख्या बाजारातलं भाडं. आणि यातलं बहुतेक तरुण डॉक्टर कर्ज काढून उभं करतो. इतर बरेच डॉक्टर तपासून चिठ्ठी लिहितात, दातांचा डॉक्टर स्वतः हातांनी काम करतो आणि मालही स्वतःच विकतो, म्हणून त्याच्याकडे पैशाचा संवाद जास्त अवघड होतो. पुष्कळ चांगले डॉक्टर पैशाचं बोलायला संकोचतात, ते काम काउंटरवर सोडतात, आणि काउंटर बोलतो तोवर काम झालेलं असतं. पुण्याच्या डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून २०१६ मध्ये ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ हे पुस्तक केलं, त्यात आपल्याच व्यवसायातल्या गैरप्रकारांवर बोलणारे डॉक्टरच आहेत. तुझ्या पत्राचा सूर असा असू दे की अशा डॉक्टरने ते वाचलं तर त्याला राग येऊ नये, फक्त दुरुस्त बिल काढावंसं वाटावं.

४७ मध्ये खरंच कीड होती का, याची शंका मनात राहिली तर पुण्यात एखाद्या दंत महाविद्यालयात एक्स-रे घेऊन जा आणि दुसरं मत घे. इथे असतीस तर मी तुला चौक भागात किंग जॉर्ज मेडिकल युनिव्हर्सिटीच्या दंतविभागात नेलं असतं. रांग मोठी असते, पण तिथल्या डॉक्टरांना तुझ्या अठराशे रुपयांत काही रस नसतो.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी लिहिते, कारण मधे लिहिलं असतं तर तू हिशोबाच्या नादात विसरली असतीस. या भांडणापायी दाढ तशीच ठेवू नकोस. रूट कॅनल झालेली मागची दाढ पोखरलेली आणि नाजूक असते, कॅपशिवाय चावता चावता तडकू शकते, आणि उभी तडकली तर काढूनच टाकावी लागते. मग तुझे ४,५०० ही गेले आणि दाढही. तेव्हा पुण्यातल्या डॉक्टरांची वेळ याच आठवड्यात घे. कोणती कॅप, किती रुपये, माप आणि बसवणं त्यात धरलं आहे का, सैल झाली तर काय, हे माप देण्याआधी व्हॉट्सअॅपवर लिहून माग. मिळालं की मला पाठव, मी छापून वाचते. आणि लखनऊच्या पत्राचा मसुदाही पाठवण्याआधी मला दाखव. ‘मंजुरी’चं स्पेलिंग तू हिंदीत नेहमी चुकवतेस.

तुझी,
आत्या